चुलीमागचे जंगल

(प्रस्तावना)

चंद्रपूर आणि गडचिरोली ही नावे मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. ताडोबाचा वाघ, बल्लारपूरचा कागद, चंद्रपूरचा कोळसा आणि तिथले ऊन, भामरागडचा पूर, नक्षलवाद, कुपोषण, आणि अलीकडे सुरजागडचे लोहखनिज, एवढ्यावर या दोन जिल्ह्यांची ओळख बहुतेकांच्या लेखी पुरी होते. ही सगळी बातमीतली ओळख आहे, आणि बातमी सहसा अंगणाच्या आत येत नाही. त्या अंगणापलीकडे सकाळी काय शिजते, धान कशात साठवतात, टोपली कोण विणते, भिंत कोण सारवते, मोहाची फुले वाळवून पावसाळ्यापर्यंत कशी टिकवतात, हे सांगणारे लेखन मराठीत फार थोडे आहे. प्रस्तुत पुस्तक या दोन जिल्ह्यांतल्या घरांच्या एका आठवड्याविषयी आहे.

आत शिरण्यापूर्वी वाचकाने एक गोष्ट मनाशी धरावी. इथले घर उंबऱ्याशी संपत नाही. सरपण, सारवणाची माती, छपराचे बांबू, पत्रावळीची पाने, पावसाळ्यातली भाजी, औषधाच्या साली, दिव्याचे आणि अंगाचे तेल, यांतले बरेचसे पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून येत आले आहे. त्यामुळे जंगल ओळखता आल्याशिवाय इथले घर चालवता येत नाही. जंगलावरचा हक्क गेला, की पहिली झळ चुलीला लागते. वनहक्क, बांबूचे धोरण, व्याघ्र प्रकल्पाच्या सीमा हे विषय आपण सरकारी म्हणून बाजूला ठेवतो. या भागात ते स्वयंपाकघराचेच विषय आहेत. या पुस्तकातून काही एक हाती लागत असेल, तर ते हेच.

प्रदेश आणि माणसे

1982 च्या 26 ऑगस्टला गडचिरोली वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख एकच जिल्हा होता, आधी चांदा आणि मग चंद्रपूर या नावाने. उत्तरेकडून वैनगंगा येते, पश्चिमेकडून वर्धा. दोघी मिळून प्राणहिता होतात, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेला इंद्रावतीपलीकडे बस्तर, दक्षिणेला तेलंगण. 2011 च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या 10 लाख 72 हजार होती आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 39 टक्के होते. चंद्रपूरची लोकसंख्या याच्या दुपटीहून अधिक, 22 लाखांच्या घरात. तिथे हे प्रमाण 18 टक्क्यांच्या आत आहे.

या आकड्यांआड अनेक स्वयंपाकघरे आहेत. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा हा झाडीपट्टीचा पट्टा धानाचा आणि तलावांचा. इथे शेताला बांधी म्हणतात, लावणीला रोवणी. वरोरा-राजुऱ्याकडे कापूस आणि ज्वारी येते आणि ताटात भाकर दिसू लागते. धानोरा, कोरची, कुरखेडा भागात गोंड, हलबा, कंवर, एटापल्ली-भामरागडात माडिया, जिवतीच्या डोंगरात कोलाम. सिरोंच्यात घरची भाषा तेलुगू आहे. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत आणि तिथे मोहरीच्या तेलात मासा तळला जातो. नदीकाठी ढिवर, गावोगावी बुरूड, कुंभार, तेली, कुणबी, माना, गोवारी आणि बौद्ध वस्त्या आहेत. एकाच अंबाडीचे झाडीपट्टीत सुक्या मासोळीबरोबर कालवण होते आणि सिरोंच्यात गोंगुऱ्याचे लोणचे. म्हणून ‘गडचिरोलीचे जेवण’ असे एकवचनी काही सांगता येत नाही, आणि या पुस्तकाने तसा दावा केलेला नाही.

आठवडाच का?

महसुलाचे कागद वर्षाने मोजतात. मानववंशशास्त्रज्ञ सणांच्या चक्राने मोजतात: बीज पंडुम, आंब्याचे पंडुम, नव्या धानाचे पंडुम. सरकारी वेळ-वापर पाहणी चोवीस तासांनी मोजते. घर मात्र बाजारापासून बाजारापर्यंत मोजते. मीठ, तेल, मिरची, सुकी मासोळी, साबण, बांगड्या आठवडी बाजारातून येतात. घरची चारोळी, मोह, लाख, डिंक, कोंबडी, टोपल्या त्याच बाजारात जातात. बाजाराच्या आदल्या रात्री घर काहीसे रिकामे असते आणि बाजाराच्या संध्याकाळी भरलेले. घरातल्या बाईचा हिशेब या चढउतारावर चालतो.

या हिशेबाला एक कडू इतिहास आहे. आतल्या भागात मीठ दुर्मिळ होते तेव्हा बाहेरून आलेले व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेऊन जात. चारोळीचा शहरातला भाव पाहिला, की या सौद्यात कोण बुडाले हे सांगावे लागत नाही. 1973 साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथल्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत दवाखान्याबरोबरच बाजारातल्या या फसवणुकीचेही उल्लेख येतात. बाजार म्हणजे वस्तूंची जत्रा, हे पाहुण्याचे चित्र झाले. जिच्या हातात तराजू नाही तिला तो दिवस वेगळा दिसतो.

शिजवण्याचे शास्त्र

या भागाचे मुख्य अन्न भात. पहाटे किंवा दुपारी पेज किंवा आंबील, माडियांकडे जावा. जावा तुंब्यात भरून शेतावर नेता येतो, तहान आणि भूक दोन्ही भागवतो. डोंगरउतारावर कोसरीसारखी बारीक धान्ये होतात. धान कांडायला पूर्वी घरोघरी उखळ-मुसळ आणि काही घरांत पायाने चालवायची ढेकी असे. गिरणी आली आणि बाईच्या खांद्याचे दुखणे कमी झाले. तांदूळही पांढरा झाला, त्याच्यावरचा कोंडा आणि त्यातले जीवनसत्त्व गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. तांदळाच्या वाणांवरचे काम इथे शेतकऱ्यांनीही केले आहे. देशभर गेलेला एचएमटी तांदूळ नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1980 च्या दशकात आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून तयार केला. त्या तांदळाला नाव मिळाले ते मनगटी घड्याळाच्या कंपनीचे.

भातासोबतच्या लाखोळीची गोष्ट सर्वांनी वाचावी अशी आहे. धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, आणि हिवाळ्यात डाळ हाती येते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, ती वाळवूनही ठेवतात. या डाळीत एक विषारी द्रव्य असते; दुष्काळात दुसरे काहीच न मिळता महिनोन्‌महिने लाखोळीच खावी लागली तर पायांना पांगळेपण येते. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. झाडीपट्टीतल्या बायका मात्र डाळ भिजत घालून, ते पाणी ओतून देऊन, भाताबरोबर आणि इतर डाळींबरोबर ती खात राहिल्या. नागपूरचे शांतीलाल कोठारी या बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढले, आणि पुढे शास्त्रज्ञांनी कमी विषाची वाणेही काढली. बंदीचा कागद आणि चुलीवरची रीत यांत किती अंतर असू शकते, ते या एका डाळीवरून कळते.

असेच ज्ञान रानभाज्यांचे. मृगाचा पाऊस पडला की तरोटा उगवतो, मग पातूर, अरतफरी, धोपा, काटवल, कुड्याची फुले. वारुळाच्या आसपास सात्या नावाची अळंबी फुटते, आणि बांबूच्या रांजीत कोवळे कोंब निघतात त्यांना वास्ते म्हणतात. वास्ते तसेच शिजवले तर कडू लागतात आणि बाधतातही. किसून, पाण्यात ठेवून, उकळून ते पाणी टाकावे लागते. कडू कंदांचे काप राखेच्या पाण्यात उकळून वाहत्या पाण्यात ठेवतात. कोणती अळंबी खायची आणि कोणती टाळायची, हे आई मुलीला हाताने दाखवते. हे ज्ञान कुठे लिहिलेले नाही, आणि त्यात चूक झाली तर जीव जातो. एवढ्या जोखमीचे काम घरातल्या बाईकडे विश्वासाने सोपवलेले असते, तरी त्याला ‘शिक्षण’ म्हणायला आपण तयार नसतो.

रानभाजीचे दिवस थोडे असतात, म्हणून वाळवण्याचे काम मोठे. हरभऱ्याचा पाला, अंबाडीची पाने, वांगी, मासोळी, वास्ते, सात्या सगळे उन्हात पडते. अंबाडीची पाने भाजीला, लाल बोंडे चटणीला, वाख दोराला. जवसाची चटणी आणि जवसाचेच तेल. हे सारे जिथे पिकते आणि वाळते ती घरामागची सांदवाडी पुस्तकात पुन्हा पुन्हा येते, आणि यायलाच हवी.

मोहाबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे. मार्चअखेरीपासून एप्रिलभर पहाटे फुले गळतात. बायका आणि मुले उजाडायच्या आत झाडाखाली असतात, कारण ऊन चढले की जनावरे आणि माकडे ती खाऊन टाकतात. फुले अंगणात वाळवून साठवतात. भाजून तिळा-जवसाबरोबर कुटतात, भाकरीत घालतात, उकडून खातात. फळे येतात तेव्हा त्यांतल्या बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल काढतात. दारूही याच फुलांची होते. पंडुमात, लग्नात, मृत्यूनंतरच्या विधीत ती लागते. आणि हीच दारू घरातली मारहाण आणि कर्ज यांचेही कारण असते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली उठली. दोन्ही जिल्ह्यांत बंदीची मागणी बायकांनी लावून धरली होती. ज्या घरात मोह साठवला जातो त्याच घरातल्या बायका बंदी मागतात, यात विसंगती शोधायचे कारण नाही. अन्न म्हणून मोह आणि धंदा म्हणून दारू यांतला फरक त्यांना बाहेरच्यांपेक्षा चांगला कळतो.

हाताचे काम

घरगुती कारागिरीत पहिला मान बांबूचा. मानवेल आणि कटांग या दोन जाती इथे मुख्य. त्यांपासून सूप, टोपली, परडी, कुंपणाचे ताटवे, मासे धरायचे सापळे आणि धान साठवायची ढोली होते. ढोली विणून झाली की आतून-बाहेरून शेण-मातीने लिंपतात, म्हणजे कीड लागत नाही. बुरूड विणतो ते विक्रीसाठी आणि गोंड-माडिया घरात विणतात ते वापरासाठी, अशी ढोबळ विभागणी करता येते. पण टंचाईच्या महिन्यांत वापराची टोपलीही बाजारात जाते. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला 2014 साली बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले आणि बांबूला शोभेच्या वस्तूंची, फर्निचरची नवी बाजारपेठ दिसू लागली. घरातले सूप आणि प्रदर्शनातला दिवा यांत कोणते टिकेल, हा प्रश्न अजून खुला आहे.

दुसरे काम कोशाचे. आरमोरी, सावली, नागभीड या भागांत ढिवर समाजाची माणसे ऐनाच्या झाडांवर तसरच्या अळ्या पोसतात. पाखरांपासून त्या राखायला दिवसेंदिवस जंगलात राहावे लागते. पाळणूक जंगलात, धागा काढणे घरात, विणकाम मागावर, आणि साडी शहरात, अशी या रेशमाची वाट आहे. मांडीवर धागा वळण्याच्या जुन्या रीतीने बायकांच्या कातडीला इजा होते, हे साडीचे कौतुक करताना क्वचितच कुणी बोलते. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या पुढाकाराने कुंभारकामाला नवी दिशा दिली. 1949 साली वरोऱ्याला सुरू झालेल्या आनंदवनाने कुष्ठरुग्णांच्या हातात माग आणि इतर कामे दिली. हे झाले संस्थांचे प्रयत्न. त्यांच्याबाहेरही घरोघरी पळसाच्या आणि माहुलाच्या पानांच्या पत्रावळी शिवल्या जातात, शिंदीचे झाडू बांधले जातात, भोपळे वाळवून तुंबे केले जातात, गोंदण गोंदले जाते, दिवाळीआधी भिंती छाबून पोतारल्या जातात. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात, रात्रभर नाटके चालतात, घरोघरी पाहुणे उतरतात. त्या पाहुण्यांचा स्वयंपाक कोण करते, हा प्रश्न झाडीपट्टी रंगभूमीवरच्या लेखांत सहसा विचारला जात नाही.

लिहिणाऱ्यांच्या परंपरा

या विषयावर लिहिणाऱ्यांच्या चार-पाच परंपरा आहेत. नव्या वाचकाला त्यांची ओळख असलेली बरी.

पहिली इंग्रजी अमलातल्या अधिकाऱ्यांची. 1869 चा चांद्याचा जमीनमहसूल अहवाल, 1909 चे चांदा जिल्हा गॅझेटियर, 1916 साली चार खंडांत निघालेला रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा ग्रंथ. यांत घरे, पिके, पोशाख, अन्न यांच्या नोंदी आहेत आणि आजही त्या उपयोगी पडतात. पण नोंद करणाऱ्याचा डोळा महसुलावर आणि जातीच्या वर्गीकरणावर होता. अंगणातल्या माणसांना बोलायला तिथे जागा नव्हती.

दुसरी मानववंशशास्त्रज्ञांची. ग्रिग्सन यांचे बस्तरच्या माडियांवरचे पुस्तक 1938 चे, फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचे आदिलाबादच्या राजगोंडांवरचे 1948 चे. दोन्ही आपल्या सीमेला लागून असलेल्या मुलखांबद्दल आहेत आणि इकडच्या घरांनाही बरेचसे लागू पडतात. या मंडळींनी सहवास केला, भाषा शिकली. त्यांचे लक्ष मात्र देव, कुळे, गोटूल (तरुण मुलामुलींचे सामूहिक घर), विवाह यांवर राहिले. रोजचे रांधणे त्यांच्या लेखी पार्श्वभूमी होते. मराठीत दुर्गा भागवतांनी मध्य भारतातल्या आदिवासींचा अभ्यास केला आणि ‘खमंग’ लिहून खाद्यपदार्थांकडेही संस्कृतीच्या अंगाने पाहिले.

तिसरी पाकशास्त्राची. 1875 चे ‘सूपशास्त्र’, 1910 चे लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’, 1970 ची कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ या पुस्तकांनी मराठी स्वयंपाक ग्रंथबद्ध केला. तो स्वयंपाक शहरी आणि मुख्यतः वरच्या जातींचा होता. वास्ते, सात्या, टोळीचे तेल, लाल मुंग्यांची चटणी यांना त्यात जागा मिळाली नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटाकडे बोट दाखवले, तेव्हा या परंपरेतली पोकळी ठळक झाली. आपले पुस्तक त्याच पोकळीच्या पूर्व विदर्भातल्या कोपऱ्यात उभे आहे.

चौथी आरोग्य आणि समाजकार्य करणाऱ्यांची. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या बालमृत्यूंचा आणि स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास केला. राणी बंग यांच्या ‘गोईण’मध्ये या जिल्ह्यातल्या बायका झाडांविषयी बोलतात, आणि झाड व घर यांचे नाते त्यांच्याच तोंडून कळते. माझ्या मते या विषयावरचे ते मराठीतले सर्वांत जवळचे पुस्तक आहे.

पाचवी बोलीची आणि ग्रामसभेची. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचे शब्द आणि लोकपरंपरा गोळा केल्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने अभ्यासगट चालवून आपले जंगल आपणच समजून घेतले. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ मध्ये ती हकीकत सांगितली आहे. इथे पहिल्यांदा माहिती देणारा आणि माहितीचा मालक एकच झाला.

या परंपरांत एक वाद सतत चालू असतो. एका बाजूला वंचना पाहणारे: त्यांना इथले घर म्हणजे कमी वजनाचे बाळ आणि अ‍ॅनिमिया. दुसऱ्या बाजूला वैभव पाहणारे: त्यांना इथले घर म्हणजे निसर्गाशी एकरूप झालेले निर्मळ जीवन. पहिल्यांच्या लिखाणात बाईला काही येत नाही आणि दुसऱ्यांच्या लिखाणात तिला काही दुखत नाही. प्रत्यक्षात तिला येतेही पुष्कळ आणि दुखतेही पुष्कळ.

कायदा आणि चूल

मध्य प्रांतात गावकऱ्यांना सरपण, बांबू, गवत यांसाठी निस्ताराचे हक्क होते. त्यांवर हळूहळू बंधने आली. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘वृक्ष’ ठरला, म्हणजे टोपलीसाठी बांबू तोडणेही गुन्हा होऊ शकत होते, आणि पुढच्या काळात कागद कारखान्यांना जंगलाचे जंगल बांबू मिळत राहिला. 1996 चा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), 1997 चा महाराष्ट्राचा गौण वनोपजाविषयीचा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी चित्र पालटायला सुरुवात केली. मेंढा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. तेंदूची 70 पाने मोजून पुडके बांधायचे काम मे महिन्यात अख्खे घर करते, आणि त्या पैशातून पावसाळ्याचा किराणा, मुलांच्या वह्या, छपराची डागडुजी होते. वनहक्काचा पैसा कुठे जातो हे पाहायचे असेल तर जूनमध्ये घरातले डबे पाहावेत.

आज हे का वाचायचे?

कारण घर झपाट्याने बदलते आहे. रेशनच्या तांदळाने भुकेचे महिने कमी केले आणि कोसरीची शेतीही कमी केली. गॅसची शेगडी आली आहे, पण सिलिंडर परत भरायला पैसे नसले की पुन्हा तीन दगडांची चूल पेटते. मिक्सरने पाट्याचे काम हलके केले. प्लास्टिकच्या ड्रमने ढोलीची जागा घेतली. मिरची तोडायला कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात जातात, आणि त्या महिन्यांत गावातल्या घराला कुलूप असते. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली भागांत मोह वेचायला, सरपणाला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. मेलेल्यांत बायका असतात. मोहाखालचा पालापाचोळा जाळल्याने वणवे लागतात, आणि झाडाखाली जाळी बांधण्यासारखे उपायही आता गावे करून पाहत आहेत. खाण आली तिथे रोजगार आला, धूळ आली आणि वाटा बंद झाल्या.

दुसरे कारण मोजमापाचे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात. पुरुषांसाठी हा आकडा 97 मिनिटांचा आहे. या हिशेबात सरपण गोळा करणे आणि पाणी आणणे घरकामात धरलेले नाही, त्यांचा रकाना वेगळा आहे. ज्या प्रदेशात घराचे अर्धे काम जंगलात होते तिथल्या बाईचा दिवस असा दोन-तीन रकान्यांत फाटून जातो. तो जोडून पाहायला कुठेतरी जागा हवी होती.

या पुस्तकाने काय केले आहे

पुस्तकाने बाजारापासून बाजारापर्यंतचा आठवडा घेतला आणि वेगवेगळ्या तालुक्यांतली, वेगवेगळ्या समाजांची घरे त्यात बसवली. पाककृती आहेत, पण ‘दोन चमचे, अर्धी वाटी’ अशा मापात नाहीत. मूठ, पसा, पायली ही घरातलीच मापे ठेवली आहेत. कारागिरीची कृती सांगताना वस्तूबरोबर ती करणाऱ्याचे दुखणारे बोट आणि मिळालेला भावही सांगितला आहे. बोलीतले शब्द तसेच राहू दिले आहेत, कारण ते वाक्यात आपसूक कळतात.

पुस्तक अवघड गोष्टींना बगल देत नाही, हे मला विशेष वाटते. माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना गावाच्या कडेच्या कुरमाघरात राहावे लागते. पाऊस, साप, थंडी काहीही असो. घरकामाच्या आठवड्याचे वर्णन करताना या दिवसांवर पांघरूण घातले असते तर सगळेच लेखन खोटे ठरले असते. इथे त्या झोपडीचे वर्णन आहे, तिथे मिळणाऱ्या विसाव्याविषयी काही बायका काय म्हणतात तेही आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलणाऱ्या मुलीही आहेत. निकाल वाचकावर सोडलेला नाही: पुस्तकाची बाजू त्या मुलींची आहे, आणि माझीही.

काही मर्यादा सांगायला हव्यात. शहरी चंद्रपूरचे, खाण-वसाहतींचे घरजीवन इथे जवळजवळ नाही. पुरुषांचे घरातले काम थोडक्यात आले आहे; ते थोडकेच असते हे त्याचे एक कारण असले, तरी घर बांधणे, छप्पर शाकारणे, मासे धरणे यांना अधिक पाने मिळायला हवी होती. बंगाली आणि तेलुगू घरांवरही स्वतंत्र पुस्तके व्हावीत इतका ऐवज आहे.

वाचकाला एक विनंती. हे पुस्तक वाचून कुणाला वास्त्यांची भाजी करावीशी वाटेल, कुणाला ढोली दिवाणखान्यात ठेवावीशी वाटेल. जरूर करावे. पण ओळख पटल्याशिवाय रानातली अळंबी आणि कंद तोंडात घालू नयेत, आणि टोपली घेताना विणणाऱ्याने सांगितलेला भाव पाडून मागू नये. याच्याही पुढे जाऊन, ज्या गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे अजून कागदात अडकले आहेत त्यांची बातमी वर्तमानपत्रात दिसली, तर ती स्वयंपाकाचे पान वाचाल तितक्याच आस्थेने वाचावी. या दोन जिल्ह्यांत ती बातमी जेवणाचीच आहे.